परत यावं लागलं तर हप्ता कोण भरणार?

प्रिय ताई,
मी २३ वर्षांची, भांडुपला राहते. सिव्हिल इंजिनिअरिंग करून एका कन्सल्टंटकडे नोकरी करतेय, पगार ३२ हजार. पावसाळ्यात नाल्यांच्या पाण्याची पातळी मोजायला साइटवर जाते, ते काम मला फार आवडतं. आता मास्टर्सला परदेशी जायचंय. आई म्हणते कॅनडा, कारण मावशी ब्रॅम्प्टनला आहे. दादरचा एजंट म्हणतो ब्रिटन, वर्षात डिग्री हातात. मैत्रीण जर्मनीला चाललीय. बाबा दोन वर्षांत रिटायर होतील. ते म्हणतात, "तू फक्त देश सांग, घर गहाण टाकून चाळीस लाख उभे करतो." माझी झोप उडालीय. कोणता देश निवडू?
– गोंधळलेली

बाळा,

बाबांचं ते वाक्य वाचून माझ्याही पोटात कालवलं. लेकीवर इतका जीव टाकणारा बाप मिळणं हे भाग्य आहे, पण त्याचं ओझं तुझ्या डोक्यावर बसलंय, म्हणूनच तुला निर्णय घेता येत नाहीये. तेव्हा देश जरा बाजूला ठेव आणि आधी हप्ता काढू.

४० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता ५४ हजारांच्या आसपास जातो. शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलंच नाही. तिकडे नोकरी लागली तर हा हप्ता फिटेल. पण नाही लागली आणि मुंबईला परत यावं लागलं तर? मास्टर्सनंतर इथे पगार वाढेल, पण इतका वाढेल असं गृहीत धरू नकोस. तोवर बाबा पेन्शनीत गेलेले असतील. म्हणून माझी कसोटी एकच: परत येऊनही जे कर्ज तू स्वतः फेडू शकशील, तेवढ्याच कर्जात बसणारा देश निवडायचा.

या कसोटीवर ब्रिटन मला पटत नाही. एका वर्षात डिग्री मिळते हे खरं, पण फी मोठी आणि नोकरी शोधायची मुदतही आता कमी होतेय. शिक्षणानंतर राहायला मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचीच मिळणार आहे, आणि तू त्यातच येशील. एजंट हे सांगणार नाही. मुलं पाठवल्याबद्दल परदेशी विद्यापीठं एजंटांना कमिशन देतात. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांकडून ते सहसा मिळत नाही, म्हणून एजंटच्या तोंडी जर्मनीचं नाव क्वचित येतं. त्याचं पोट त्यावर आहे, पण सल्ला तुला हवाय.

आईची काळजी मला समजते. पण मावशी गेली तेव्हाचा कॅनडा आता राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. सप्टेंबर २०२५ पासून फी आणि प्रवास सोडून, फक्त राहण्या-खाण्यासाठी वर्षाला २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. मावशीकडे राहिलीस तर भाडं वाचेल, पण फी वाचत नाही. आणि कॅनडा केवढा पसरलेला! तुझ्या विषयाचं चांगलं विद्यापीठ ब्रॅम्प्टनजवळच असेल असं थोडंच आहे?

तुझ्यासाठी माझा कौल जर्मनीला आहे, मैत्रीण चाललीय म्हणून नव्हे. तुझ्या पत्रात नाल्याच्या पातळीचं एकच वाक्य आहे, पण ते मनापासून आलंय. भांडुपला राहणाऱ्या मुलीला पाण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको, अर्ध्या मुंबईच्या घशाखाली उतरणारं पाणी तुमच्याच भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध होतं. स्टुटगार्ट विद्यापीठात वॉटर रिसोर्सेस इंजिनिअरिंगचा, ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात हायड्रो सायन्सचा मास्टर्स इंग्रजीत आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्हणून प्रत्येक कोर्सची फी त्याच्या अधिकृत पानावर स्वतः बघ, कुणाच्या तोंडून ऐकू नकोस.

फुकट मात्र समजू नकोस. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे १२ लाखांच्या आसपास, आधी ठेवावे लागतात. पैसे तुझेच असतात, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो हातात येतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण दुसरं वर्ष त्यावरच निघेल असं धरू नकोस. एकूण २० लाखांचं कर्ज धर. हप्ता २७ हजार. जड आहे, पण परत आलीस तरी झेपेल. घर तारण ठेवावं लागलंच, तरी रक्कम निम्मी राहील. शिक्षणानंतर नोकरी शोधायला तिथेही १८ महिनेच मिळतात, पण डोक्यावर कर्ज निम्मं असेल.

आता खरी अडचण. कोर्स इंग्रजीत असला तरी नोकरी जर्मनमध्ये करावी लागते, आणि पाणी-नाल्यांच्या कामात तिथल्या पालिकांशी रोज बोलावं लागतं. त्यामुळे भाषा शिकायची तयारी नसेल तर माझा कौल मी मागे घेते. माझं ऐकशील तर यंदा घाई करू नकोस. एक वर्ष नोकरी चालू ठेव, काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या ए-१ पासून, म्हणजे अगदी पहिल्या पातळीपासून, सुरुवात कर, पगारातले दरमहा पंधरा हजार बाजूला काढ. एपीएस प्रमाणपत्राचा (तुझी डिग्री-मार्कशीट खरी असल्याची तपासणी) अर्ज आधी टाक, १ नोव्हेंबर २०२२ पासून त्याच्याशिवाय भारतीय विद्यार्थ्यांचा व्हिसा अर्ज पुढे सरकत नाही. सहा महिन्यांनी जर्मन नकोशी वाटली, तर इथल्याच आयआयटीच्या एम.टेक.चा विचार कर. त्यात कमीपणा काही नाही.

येत्या रविवारी बाबांना समोर बसव आणि ५४ हजार, २७ हजार हे दोन्ही आकडे कागदावर लिहून दाखव. ते म्हणतील, "तू पैशाची काळजी करू नकोस." तेव्हा गप्प बसू नकोस. "बाबा, कर्जाच्या कागदावर माझीही सही असणार आहे," एवढं शांतपणे सांग. आणि आईला मावशीशी फोनवर बोलायला लाव, तिच्या ओळखीतल्या, हल्ली आलेल्या मुलांना नोकरी मिळायला किती महिने लागतात, ते विचारायला सांग.

तुझी,
ताई