बंद लेथला करंट येतो कुठून?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचे छोटे शेड आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक बेंच ग्राइंडर. एका लेथच्या कॅरेजला (टूल घेऊन सरकणाऱ्या भागाला) हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टरही पेटतो. त्या लेथचा स्विच बंद केला तरी तेच! मेनला 32 अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे, अर्थिंगचा खड्डा आहे. मग एमसीबी पडत का नाही? वायरमन म्हणतो, अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाकू.

उत्तर : मुळीच जोडू नका. उद्या बाहेर पोलवर न्यूट्रल तुटला, तर दिव्यापंख्यांमधून येणारा फेज सगळ्या मशीनच्या बॉडीवर चढेल.

बंद लेथवरचा करंट बहुधा त्या लेथचा नाहीच. स्विच फेज तोडतो, अर्थची वायर नाही, आणि चारही मशीनच्या अर्थच्या वायरी एकाच पट्टीवर येतात. कुठल्याही एका मशीनमधून गळती झाली की पट्टीसकट सगळ्यांवर व्होल्टेज येते. इतरांवर जाणवत नसेल, तर तिथे पायाखाली लाकडी फळी किंवा कोरडी फरशी असेल. टेस्टर लावून पाहा, तिथेही पेटेल.

आता हिशेब. खड्ड्याचा रोध 8 ओहम धरू. 10 अँपिअर गळती असेल तर बॉडीवर 80 व्होल्ट. 32 अँपिअरच्या एमसीबीला 10 अँपिअरचे काय? बिल मात्र वाढते. फेज थेट बॉडीला टेकला आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा रोध 1 ओहम धरला, तर 230 भागिले 9, म्हणजे साधारण 25 अँपिअर. तरीही एमसीबी पडणार नाही आणि बॉडीवर 200 व्होल्ट राहतील. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते, तेव्हा खड्ड्याचा रोध 8 ओहमच्याही वर जातो.

दोषी मशीन शोधायला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारे मीटर) पुरे. परवानाधारक वायरमनकडून, कोणीही मशीनला हात न लावता, प्रत्येक मशीनच्या अर्थच्या वायरीला क्लॅम्प लावून घ्या. दोन वायरी असतील तर दोन्ही एकत्र धराव्यात. निरोगी मशीनवर मिलिअँपिअर दिसतात. जिथे अँपिअर दिसतील ते मशीन बंद. मग सप्लाय तोडून, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) आणि इलेक्ट्रॉनिक्स सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) फेज आणि बॉडीमध्ये मोजा. 1 मेगाओहमच्या खाली आले तर मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडून मोटर आणि केबल वेगवेगळी तपासा. कूलंट पंपावर पहिला संशय घ्या : ग्लँड (केबल आत शिरते तिथली पकड) ढिली, बॉक्समध्ये पाणी. दुसरा संशय मशीनच्या दिव्यावर, त्याची वायर वाकत्या दांड्यात घासून उघडी पडते. हा दिवा 230 वर असेल तर कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घालून 24 व्होल्टवर न्या.

अर्थचा लग (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) रंगावर कसलेला असेल तर तो नसल्यासारखाच. खालचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून घट्ट करा. तीन फेजच्या मोटरला अर्थच्या दोन स्वतंत्र वायरी हव्यात.

एवढे झाल्यावर चार पोलचा, 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) बसवा. खड्डा 50 ओहमवर गेला तरी फॉल्टला साडेचार अँपिअर वाहतात आणि तो पडतो. ओव्हरलोडला तो पडत नाही, म्हणून एमसीबी राहू द्या. मशीनला न्यूट्रल लागत नसला तरी आरसीसीबीला तो जोडाच. काही मॉडेलचे टेस्ट बटण त्याशिवाय चालत नाही.

प्रश्न : सातारा एमआयडीसीतल्या आमच्या मिलिंगला तीन फेजचा व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) लावल्यापासून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी सारखा पडतो. काढून टाकू का?

उत्तर : नको. व्हीएफडीच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे जातच असतो, लांब मोटर केबलमुळे तो वाढतो. खरी अडचण वेगळीच आहे. बाजारात सहज मिळणारा एसी टाइप (फक्त एसी गळती ओळखणारा) आरसीसीबी व्हीएफडीच्या डीसी गळतीने आंधळा होतो, म्हणजे हवा तेव्हा पडत नाही. मिलिंगची लाइन वेगळी काढा, तिला बी टाइप (डीसी गळतीही ओळखणारा), 300 मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्या, आणि अर्थचा रोध उन्हाळ्यात मोजून घ्या. साताऱ्याकडच्या मुरमात रॉड खोल जात नाही. एका रॉडवर भागत नसेल तर दोन-तीन समांतर जोडा, पण लांबीच्या दुप्पट अंतर ठेवून. हातग्राइंडर, हातड्रिलच्या सॉकेटवर मात्र 30 मिलिअँपिअरचाच. व्हीएफडी नसलेल्या शेडमध्ये आरसीसीबी असा पडत असेल तर दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत गेलेत का ते आधी पाहा.

प्रश्न : इमर्जन्सी स्टॉप दाबून पॅनेल उघडले तर चालते का?

उत्तर : नाही. त्याने मोटर थांबते, पॅनेलमध्ये फेज तसाच असतो. आयसोलेटर (मशीनचा सगळा सप्लाय तोडणारा स्विच) पाडून त्याला कुलूप लावा, किल्ली खिशात ठेवा. व्हीएफडी असेल तर 10 मिनिटे थांबून डीसी बसवर (व्हीएफडीच्या आतल्या, कपॅसिटर जोडलेल्या डीसी टोकांवर) मीटर लावा, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करा, मगच हात घाला.