ड जीवनसत्त्व कमी आहे, म्हणजे गरोदरपणात शुगर होणारच का?

ताई, निपाणीच्या तुमच्या वहिनींना पाचवा महिना आहे, रक्तातलं ड जीवनसत्त्व 14 (नॅनोग्रॅम प्रति मिली) आलंय आणि घरचे घाबरलेत, असं तुम्ही लिहिलंय. घाबरू नका, शुगर होणारच असं नाही. 20 च्या खाली म्हणजे कमतरता. अशा बायकांत गरोदरपणातली शुगर जास्त दिसते, पण कमतरतेमुळेच ती होते हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून ड जीवनसत्त्वाची गोळी सुरू झाली तरी शुगरची तपासणी चुकवू नका. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. 140 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा जास्त आलं तर गरोदरपणातली शुगर धरतात. ही तपासणी आधी होऊन शुगर निघाली नसली तरी 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा करायचीच.

आपल्याकडे विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर सावलीत बसतात, ऊन लागणार कुठून? वहिनींना दुपारच्या आधी थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून अंगणात बसू द्या. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच, मनाने नको. डोहाळजेवणाला कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) आणाल, तो चमचाभरच द्या. आणि ज्वारीची भाकरीही शुगर वाढवते, तीही मोजूनच.