खिडकीच्या उजेडात बाळ-बाळंतीण

प्रश्न : माझ्या बहिणीला बाळ होऊन नऊ दिवस झाले आहेत. फ्लॅश न वापरता, खिडकीतून येणाऱ्या उजेडात मायलेकरांची छायाचित्रे काढावीत, अशी तिची इच्छा आहे. मी दोनदा प्रयत्न केला. परंतु तिचा अर्धा चेहरा काळा पडतो, बाळ हिरवट-पिवळे दिसते आणि पांढरेशुभ्र दुपटे मळकट येते. माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि ५० मिमीची लेन्स आहे. नवी लेन्स घ्यावी काय?

उत्तर : लेन्स घेऊ नये, बहिणीची बसण्याची जागा बदलावी. खिडकी अगदी एका बाजूला असली आणि खोलीची दुसरी बाजू अंधारी असली, की अर्धा चेहरा काळा पडणारच. तिला खिडकीपासून मीटर-दीड मीटरवर बसवून खांदे साधारण ४५ अंशांनी खिडकीकडे वळवावेत आणि पलीकडच्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकावी, म्हणजे परतून आलेला उजेड सावली उजळवील. थेट ऊन आत येत असेल तर मध्ये विरळ पांढरा पडदा हवा.

आता बाळाविषयी, कारण खरी गफलत येथेच होते. बसलेल्या माणसाला कोणत्याही बाजूने आलेला उजेड बहुधा चालून जातो. आडव्या बाळाला मात्र तो डोक्याकडून पायांकडे जाणारा लागतो. पायांकडून आला, तर नाकपुड्या उजळतात, गालांची सावली डोळ्यांवर चढते आणि हनुवटीखाली विजेरी धरल्यासारखा चेहरा दिसतो. बाळाचे डोके आईच्या डाव्या कोपरावर असेल, तर खिडकीही तिच्या डाव्या हाताला असावी. शंका वाटल्यास बाळाच्या नाकाखालची इवलीशी सावली पाहावी. ती ओठांकडे उतरत असेल तर जागा बरोबर आहे.

हिरवट-पिवळा रंग येतो तो मिश्र उजेडामुळे. खोलीतील सर्व दिवे बंद करावेत, रंगीत पडदा पूर्ण बाजूला सारावा आणि छायाचित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्यावीत, म्हणजे दुपट्याच्या पांढऱ्यावरून रंगसंतुलन नंतर नेमके करता येते. एवढे करूनही, दिवसाच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनाच त्वचा पिवळी दिसत असेल, तर ते काम संगणकाचे नसून डॉक्टरांचे आहे. नवजात बाळांत कावीळ पुष्कळदा आढळते आणि ती दाखवून घेतलेली बरी.

दुपटे मळकट येते, कारण कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरच्या दृश्याला सरासरी राखाडी धरून चालतो. एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्रात येणारा उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉपने वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). लेन्सचे छिद्र एफ ४ आणि शटरचा वेग १/२०० सेकंद ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० ते १६०० पर्यंत खुशाल जाऊ द्यावा. थोडे कण दिसलेले चालतात, हललेली मूठ चालत नाही. एफ १.८ या मोठ्या छिद्राचा मोह टाळावा, कारण एवढ्या जवळून आई स्पष्ट आली की बाळ पुसट होते.

बहिणीला कॅमेऱ्याकडे पाहण्यास सांगू नये. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते. तिने तेवढ्या अंतरावर चेहरा आणला, की बाळाची नजर तिच्यावर क्षणभर ठरते, आणि त्या क्षणासाठी आपण आधीपासून तयार असावे. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असेल तर तिला वाकायला लावण्याऐवजी कोपराखाली उशी देऊन बाळच वर आणावे. हातांवर हनुवटी टेकवून बसलेले बाळ अनेक छायाचित्रांत दिसते. ते सहसा दोन छायाचित्रे जोडून तयार केलेले असते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी बाळाला धरलेले असते. घरी तो प्रयोग मुळीच करू नये. खिडकी बंद आणि खोली उबदार असावी; वरून छायाचित्र घेताना कॅमेऱ्याचा पट्टा आपल्या गळ्यात असावा.

प्रश्न : हेच मोबाइलवर जमेल काय?

उत्तर : जमेल. फार जवळ जाऊ नये, त्याने बाळाचे नाक मोठे दिसते. दुप्पट झूमची वेगळी लेन्स असल्यास ती वापरावी. बाळाच्या गालावर बोट टेकवून फोकस धरावा आणि उजेड किंचित वाढवावा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा, कारण तो मऊ जावळाच्या कडा पार्श्वभूमीबरोबरच पुसून टाकतो.