प्लास्टरआधी भिंत तयार कर

बाबू, माल कालवायची घाई करू नको. आधी विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, अर्धा इंच खोल उकर, म्हणजे प्लास्टरला पकड मिळते. लोणा, म्हणजे विटेतून बाहेर आलेल्या मिठाची पांढरी पूड, तारेच्या ब्रशने कोरडाच झाड. पाणी मारलंस तर मीठ परत आत जातं. कॉलम आणि विटा भेटतात तिथे जाळी ठोकच, नाहीतर नेमकी तिथेच चीर पडते.

आता पाणी. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो आणि तापलेली वीट मालातलं पाणी घटाघटा पिते. माझी पश्चिमेची एक अख्खी भिंत अशीच पोकळ वाजली, सगळी फोडावी लागली. आदल्या संध्याकाळी भिंत भरपूर भिजव, सकाळी पुन्हा शिंपड. हात लावून बघ : गार लागावी, पण ओघळ नको.