बोट पाचला, जेवण डोंबिवलीला?

प्रश्न : आम्ही सहा जण नागपूरहून मुंबई-गोवा क्रूझला निघालो आहोत. त्यात ७४ वर्षांच्या सासूबाई (गुडघे दुखतात) आणि दोन मुलं. शनिवारी सकाळी ११ ला विमान मुंबईत उतरतं, बोट संध्याकाळी ५ ला सुटते. मधल्या वेळात डोंबिवलीला नणंदेकडे जेवून बंदरावर जाता येईल ना? तिचा फार आग्रह आहे. विमानाचं तिकीट अजून काढलेलं नाही.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, नणंदेला नाही म्हणणं किती कठीण असतं ते मी जाणते, पण हे जमणार नाही. तिकीट काढलेलं नाही हे वाचून मात्र जीव भांड्यात पडला.

आधी मुंबईचा आकार डोळ्यांसमोर आणा. हे शहर म्हणजे समुद्रात घुसलेली एक लांबुडकी जीभ. विमानतळ मध्यावर, बंदर दक्षिणेच्या टोकाकडे आणि डोंबिवली या जिभेवर नाहीच, ती खाडीपलीकडे, ठाण्याच्याही पुढे. म्हणजे बंदर ज्या दिशेला, त्याच्या नेमकं उलट तुम्ही जेवायला जाणार. सामान हातात येऊन बाहेर पडेपर्यंत बारा. डोंबिवलीत पाय ठेवेपर्यंत दीड-दोन. ताट वाढलं की ‘अजून एक पोळी’ आलीच.

आणि पाचला बोट सुटते म्हणजे पाचपर्यंत दार उघडं असतं असं नाही. तिकिटावर रिपोर्टिंगची वेळ वेगळी छापलेली असते, ती नीट वाचा. गेटवर ओळखपत्र, मग सामानाचं स्कॅनिंग, मग चेक-इनची रांग. बोट सुटण्याच्या बरंच आधी हे काउंटर बंद होतं. बोट कोणासाठी थांबत नाही. मी बंदराशेजारच्या बलार्ड इस्टेटमध्ये एका क्लिअरिंग एजंटच्या (बंदरातला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याच्या) कचेरीत ३१ वर्षं काढली. उशीर झाल्यावर गेटवर हात जोडणारी माणसं मी पाहिली आहेत. हात जोडून गेट उघडलेलं मात्र एकदाही पाहिलं नाही.

माझं ऐकाल तर विमान सोडा आणि शुक्रवारी रात्रीच्या दुरांतोने या. नऊच्या आत नागपूर सोडते आणि सकाळी आठच्या सुमारास व्हीटीला (आता सीएसएमटी म्हणायचं, पण माझ्या तोंडी बसलेलं जात नाही) आणून सोडते. ती मिळाली नाही तर विदर्भ एक्सप्रेस आहेच. विमान तुम्हाला सहारला, म्हणजे विमानतळावर उतरवतं, तिथून बंदर वीसेक किलोमीटर. गाडी उतरवते तिथून बंदर जेमतेम दीड किलोमीटर! गाडी तीन तास उशिरा आली तरी तुमच्या हातात वेळ उरतो. हिवाळ्यात उत्तरेत धुकं पडलं की तिकडून फिरत येणारी विमानं रखडतात. मग नागपूरला लख्ख ऊन असूनही तुम्ही विमानतळावर बसून राहता. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सासूबाईंसाठी खालचा बर्थ मागायला विसरू नका.

खरं तर पूर्वी रेल्वे याहूनही पुढे जायची. धक्क्यावरच ‘बलार्ड पियर मोल’ नावाचं स्टेशन होतं. विलायतेहून आलेली माणसं बोटीतून उतरून तिथेच गाडीत बसत. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटींच्या हंगामात तिथूनच सुटे. आज ती सोय असती तर तुमच्या सासूबाईंना टॅक्सीचीही गरज पडली नसती.

आता शनिवारची सकाळ. व्हीटीच्या अमानती सामानघरात बॅगा ठेवा. कुलूप नसलेली बॅग ते घेत नाहीत, तेव्हा छोटी कुलपं नागपूरहूनच आणा. सासूबाईंना प्रतीक्षालयात बसवा, मुलांना समोर आरामचा वडापाव खाऊ घाला. आणि नणंदबाईंना सांगा की जेवण डब्यात भरून डोंबिवलीहून फास्ट लोकल धरा. सव्वा तासाच्या आत व्हीटी. त्या दिवशी धावपळ एकट्या त्यांची होईल, पण आग्रह त्यांचाच आहे ना! डबा मात्र स्टेशनातच संपवा. घरचं शिजवलेलं अन्न बोटीवर नेऊ देत नाहीत.

तिथून दोन टॅक्सी करा, सहा जण आणि सामान एकीत मावणार नाही. काळी-पिवळीचं कमीत कमी भाडं ३१ रुपये आहे. एवढ्या जवळचं भाडं म्हटलं की काही टॅक्सीवाले मान फिरवतात. वाद घालू नका, एकेका टॅक्सीत तिघं जण असल्याचं आणि सामान जड असल्याचं आधीच सांगा आणि थोडे जास्त द्या. सासूबाईंसाठी व्हीलचेअर हवी असेल तर ती क्रूझ कंपनीला बुकिंगच्या वेळीच कळवायची, गेटवर नाही.

अजून एक. टॅग लावलेल्या मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या परस्पर खोलीच्या दाराशी येतात, पण लगेच नाही. आमच्या ह्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या त्या बॅगेत टाकल्या होत्या. बॅग आली तेव्हा रात्रीची जेवणं आटोपत आली होती आणि तोवर रक्तदाब माझा वाढला होता. औषधं, ओळखपत्रं, मुलांचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री आणि विजेची किटली घरीच राहू द्या, त्या काढून घेतात.

परत येताना विमानाने जायचं असेल तर खुशाल जा. सकाळी मुंबईची गर्दी दक्षिणेकडे लोटत असते आणि तुम्ही उत्तरेला निघालेले असता. सामान बेताचं असेल तर सीएसएमटीहून भुयारी मेट्रो ३ सरळ विमानतळाच्या टी २ ला (टर्मिनल २) जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. पण दुपारी दोनच्या आधीचं विमान घेऊ नका, बोटीतून उतरायलाही रांग असते.

प्रश्न : बोट बलार्ड पियरहून सुटणार असं तिकिटावर आहे. वडील म्हणतात, बोटी भाऊच्या धक्क्यावरूनच सुटतात. कोणाचं खरं?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तिकिटाचं. वडील चुकत नाहीत, ते त्यांच्या काळातलं सांगताहेत. कोकणच्या बोटी भाऊच्या धक्क्यावरूनच सुटायच्या आणि त्या पिढीला बोट म्हटलं की तोच धक्का आठवतो. आज तिथून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) आणि मोरा, रेवसच्या लाँच जातात. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीच्या आणि मांडव्याच्या. तुमची क्रूझ या दोन्ही ठिकाणी नाही. एका वर्षी एक कुटुंब सुटाबुटात, फुग्यांसकट भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्यांमध्ये उभं राहून फोन करत होतं. हे मला त्यांच्या टॅक्सीवाल्यानेच सांगितलं. तो त्यांना घेऊन आमच्या कचेरीपाशी आला तेव्हा सगळ्यांच्या चपला ओल्या होत्या. त्यांना बोट मिळाली. फुगे गेटवर राहिले.

ड्रायव्हरला नुसतं ‘मुंबई पोर्ट’ म्हणू नका. गोदीला पुष्कळ गेटं आहेत. तिकिटावर ज्या गेटचं नाव असेल (बहुतेकदा ग्रीन गेट) ते सांगा.

प्रश्न : जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी दुपारची बोट आहे. पुण्याहून गाडीने अटल सेतूवरून येतोय. किती आधी निघू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : त्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते! ती व्हीटीसमोरूनच सुटते, मरीन ड्राइव्हवरून सी लिंककडे जाते आणि पहाटेपासून फोर्टातले रस्ते बंद करत करत दुपारपर्यंत चालते. रस्ता मात्र तुम्ही योग्य निवडला आहे. २१.८ किलोमीटरचा सेतू शिवडीला उतरतो, तिथून पूर्व मुक्त मार्ग धरला की बंदराच्या कडेच्या पी. डिमेलो रोडवर येता. सगळं पूर्वेकडून, मॅरेथॉन पश्चिमेकडे. शेवटचा टप्पाच काय तो अडखळेल. जमलं तर शनिवारीच येऊन फोर्टात मुक्काम करा आणि रविवारी बंदरापर्यंत चालत जा. गाडी पुण्यातच ठेवा, तीन दिवस ती फोर्टात कुठे लावायची हा प्रश्न मला ३१ वर्षांत कोणी सोडवून दिलेला नाही.

प्रश्न : विमानतळाहून रिक्षा स्वस्त पडेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : रिक्षा मुंबईत वांद्रे-शीवच्या खाली येत नाहीत. टॅक्सी किंवा मेट्रो.