फाइल मिटण्याआधी

प्रिय डॉक्टर,

काल ओपीडी संपल्यावर तू विचारलंस, "मॅडम, प्रोस्टेट कॅन्सरचे हे पेशंट माझ्या वडिलांच्या वयाचे, मी मुलगी. लैंगिक संबंधांबद्दल कसं विचारू?" तेव्हा गडबडीत होते, म्हणून आज लिहितेय.

मीही कितीतरी वर्षं विचारत नव्हते. प्रोस्टेट कॅन्सरचा पेशंट यायचा, पीएसए (या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) खाली असायचा, लघवी-संडासची चौकशी करून मी फाइल मिटायचे. एकदा रेडिएशन संपून दोन वर्षं झालेले एक शेतकरी काका दारापर्यंत गेले आणि परत वळले. टोपी हातात घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, आता घरात झोपलं तर चालंल का?" दोन वर्षं ते ओसरीवर झोपत होते, अंगातली किरणं बायकोला बाधतील म्हणून. बाहेर बाकावर बसलेली ती बाई मात्र धरून चालली होती की आपलंच काहीतरी चुकलं. बाहेरून दिलेल्या रेडिएशनची किरणं अंगात उरत नाहीत, एवढं एक वाक्य मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. ते मला अजून सलतं.

ऑपरेशननंतर लिंगाची ताठरता जाते ती लगेच, त्यामुळे विषय आपोआप निघतो. रेडिएशनने रक्तवाहिन्या सावकाश अरुंद होतात. फरक सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी दोन-तीन वर्षांनी जाणवतो, आणि तोवर आपण फक्त पीएसए बघत असतो. माणूस "वय झालं" म्हणून गप्प बसतो. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) दाबणारी हार्मोनची इंजेक्शनं चालू असतील तर इच्छाच मरते, ते वेगळं. ती बंद झाल्यावरही टेस्टोस्टेरॉन वर यायला कित्येक महिने लागतात. वय जास्त आणि कोर्स लांबलेला असेल तर ते पुरतं येईलच असं नाही. प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात उपचारापूर्वी ६७ टक्के पुरुषांना संबंधापुरती ताठरता होती. सहा महिन्यांनी रेडिएशनच्या गटात ती २२ टक्क्यांवर आली, सहा वर्षांनी २७ टक्के होती. या गटाला सुरुवातीला तीच हार्मोनची इंजेक्शनंही दिली होती, म्हणून पहिल्या सहा महिन्यांवरून कुणाचा निकाल लावू नकोस. आणि आधी काय होतं ते उपचारापूर्वीच लिहून ठेव, नाहीतर नंतर तुलना कशाशी करशील?

सिल्डेनाफिल, टाडालाफिल या ताठरतेच्या गोळ्या बऱ्याच जणांना उपयोगी पडतात. पण लिहून देण्याआधी खिशातली सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी) विचार. दोन्ही एकत्र गेली तर बीपी जीवघेणं खाली येतं. रेडिएशन चालू असताना रोज गोळी दिली की पुढचं टळतं, असं मात्र नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत टाडालाफिलने फरक पडला नाही. गोळीने भागलं नाही तर व्हॅक्यूम पंप आहे, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आहे, इम्प्लांट आहे. युरॉलॉजीकडे पाठव, पण "तिकडे जा" म्हणून नाही, चिठ्ठी लिहून. वीर्य कमी होईल किंवा बंद होईल, हे आधीच सांग. मूल हवं असेल तर शुक्राणू जतन करायचं उपचार सुरू व्हायच्या आधीच बोलायला हवं.

समोरच्याला बायको आहेच, असं गृहीत धरू नकोस. कुणी विधुर असतो, कुणाचा जोडीदार पुरुष असतो.

आणि विचारायचं असं: "काका, रेडिएशननंतर बऱ्याच पुरुषांना ताठरता कमी येते. तुम्हाला तसं काही जाणवतंय का?" पेन खाली ठेव, कॉम्प्युटरकडे बघू नकोस. जीभ अडखळली तर अडखळू दे. "आता या वयात काय, मॅडम" हे उत्तर नव्हे, थोडं थांब. तरीही नाही म्हणाले, तर पुढच्या खेपेला परत विचार.

मंगळवारी माझ्याच खोलीत बस. पहिल्या दोघांना मी विचारते, तिसऱ्याला तू.

तुझी,
मॅडम