चष्मा सुटला, पण आनंद मानू नका

प्रश्न : आमच्या आईला आठ वर्षांपासून शुगर आहे, बीपीचीही गोळी चालू आहे. मागच्या महिन्यापासून ती चष्म्याशिवाय तांदूळ निवडते, पेपर वाचते. गल्लीतल्या बायका कौतुक करतात. डॉक्टरांनी बेळगावला डोळे दाखवायला सांगितलंय, पण आई म्हणते, "दिसतंय की मला, उगाच कशाला खर्च?" जायलाच हवं का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : जायलाच हवं, आणि लवकर. जवळचा चष्मा एकाएकी सुटणं ही मला काळजीची गोष्ट वाटते. रक्तातली साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर 'मायनस'कडे सरकतो. मग जवळचं स्पष्ट होतं, लांबचं धूसर. बसची पाटी आईंना पूर्वीसारखी वाचता येते का, विचारून बघा. मोतीबिंदू सुरू होतानाही असंच होऊ शकतं. त्यामुळे साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी आधी करून घ्या.

पण माझी खरी काळजी डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) आहे. मधुमेहात पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होऊन झिरपू लागतात. बीपी त्यात भर घालतं. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावर मला लाल ठिपके आणि पिवळट डाग दिसतात. पडद्याचा मधला भाग अजून शाबूत असतो, म्हणून त्याला काहीच जाणवत नाही. लेझर, इंजेक्शन यांचा उपयोग तेव्हाच जास्त होतो. गेलेली नजर पुष्कळदा परत येत नाही. म्हणून शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा तरी पडदा तपासून घ्यावा. पडद्यावर दोष निघाला, तर किडनीसाठी लघवी-रक्तही तपासा. तिथल्या बारीक रक्तवाहिन्याही अशाच बिघडतात.

डोळे दाखवायला जाल त्या दिवशी नाश्ता आणि गोळ्या चुकवू नयेत. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास अंधुक दिसतं, ऊन टोचतं, म्हणून सोबत तुम्ही जा. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं न्या. नवा चष्मा मात्र साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच करा, नाहीतर नंबर पुन्हा बदलेल.

डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके, जाळी किंवा पडदा आल्यासारखं वाटलं, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.